टाचेतला काटा: एका क्ष-किरण चित्राने घडवलेला आजार

#थ्रेड

१/
सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकवताच टाचेत सुई शिरावी तशी कळ येते. दहा-वीस पावले लंगडत टाकली की ती विरते आणि दिवसभराच्या उभे राहण्या-चालण्यानंतर संध्याकाळी पुन्हा डोके वर काढते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणाला ना कुणाला हे दुखणे झालेले असते. त्याचे मराठीतले नावही ठरून गेले आहे: 'टाचेचे हाड वाढले.'

२/
हे नाव आपल्या तोंडी कसे आले आणि त्या नावाने माणसांच्या चालण्याचे काय केले, याचा हा इतिहास. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा. पायाचे दुखणे हा इतिहासाचा विषय आहे का, असे ज्यांना वाटेल त्यांनी आठव्या क्रमांकापर्यंत तरी धीर धरावा.

३/
आधी घरचे सांगते. माझी आई पंचवीस वर्षे शाळेत शिकवते आहे, म्हणजे पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभी आहे. आषाढात माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते, तेव्हा दिवेघाटाचा तेवढा एक टप्पा ती दरवर्षी चालायची. चार वर्षांपूर्वी तिची टाच दुखू लागली. चित्र काढले. टाचेच्या हाडाच्या तळाशी गुलाबाच्या काट्यासारखा टोकदार अंकुर त्यात स्वच्छ दिसत होता. तपासणाऱ्यांनी त्यावर पेन टेकवून सांगितले, "हे बघा, हाड वाढलंय. आता चालणं बंद."

आईने चालणे बंद केले. रोजची टेकडी सुटली, त्या वर्षीचा दिवेघाट सुटला, पुढच्या वर्षीचाही सुटला. 'चालले तर काटा आणखी आत घुसेल' ही भीती त्या पेनाने तिच्या मनात रोवली होती.

४/
कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि तो आपल्याला काय पाहायला भाग पाडतो, हे प्रश्न दस्तऐवजाला विचारायला आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. कपाटामागे ठेवलेल्या खाकी पाकिटातले ते चित्र हाही एक दस्तऐवजच आहे, हे मात्र मला फार उशिरा सुचले.

५/
पुढचे समजण्यासाठी पायाची रचना थोडक्यात. टाचेच्या हाडाच्या तळापासून निघून बोटांच्या मुळापर्यंत पसरत जाणारा एक जाड, चिवट पट्टा तळपायात असतो. वैद्यकात त्याला 'प्लांटर फॅसिया' म्हणतात. चालताना टाच उचलली जाते, बोटे वर वळतात, त्यासरशी हा पट्टा बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या गोलाव्यावर गुंडाळला जाऊन ताणतो आणि पायाची कमान उचलून धरतो. १९५४ साली जे. एच. हिक्स यांनी ही क्रिया उलगडून दाखवताना तिला रहाटाची उपमा दिली. दोर गुंडाळला की पोहरा वर येतो, तशी कमान वर येते.

झोपेत पाऊल खाली सैल पडलेले असते आणि पट्टा आखडून राहतो. सकाळी पहिल्याच पावलाला साऱ्या देहाचा भार त्याच्यावर येतो आणि तो एकदम ताणला जातो. दोर जिथे बांधलेला असतो तिथे, म्हणजे टाचेच्या तळाशी थोडे आतल्या बाजूला, कळ उठते.

६/
आता मागे जाऊ. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या मालिकेत 'वातकंटक' नावाचा विकार येतो. पाऊल वेडेवाकडे पडल्याने वायू कुपित होतो आणि पायात वेदना उत्पन्न करतो, असे त्याचे कारण दिले आहे. वाग्भट त्यात अतिश्रमाचीही भर घालतो. पुढच्या ग्रंथकारांनी त्यावर रक्तमोक्षण, एरंडेल आणि तापलेल्या सुईने डागणे असे उपाय सांगितले.

'कंटक' म्हणजे काटा. एवढ्या आधारावर 'आपल्या पूर्वजांना टाचेचे वाढलेले हाड ठाऊक होते' अशा पोस्ट दर काही महिन्यांनी फिरतात. मला ही उडी मान्य नाही. वाग्भट दुखण्याची जागा 'गुल्फ' म्हणजे घोटा अशी सांगतो. आणि त्या नावातला काटा हाडाचा नाही. काटा रुतावा तसे दुखते, एवढेच ते नाव सांगते. ती वेदनेची उपमा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे युरोपात एका यंत्राने नेमकी हीच उपमा शब्दशः खरी करून टाकली.

७/
जाता जाता: चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, रोजच्या दिनचर्येत तळपायाला तेल चोळणे आणि पादत्राणे वापरणे या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. पाय खरखरीत होणे, ताठरणे, बधिर होणे, थकणे यांवर पादाभ्यंगाचा उपयोग तिथे नोंदला आहे. आजीची काशाची वाटी आणि वारीच्या मुक्कामांवर वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळून देणारे सेवेकरी पाहिले, की हा धागा किती लांबवर टिकला आहे ते कळते. यात 'चालू नका' असा सल्ला कुठेही नाही. चालणे गृहीत आहे, पायांची निगा त्यासाठी आहे.

८/
आता सैन्याकडे वळू. ज्यांना पाय दुखला म्हणून थांबण्याची मुभाच नव्हती, अशा माणसांच्या नोंदी सैन्यात मिळतात. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने लांब कूच करणाऱ्या तरुण सैनिकांच्या पायांविषयी लिहिले. मार लागलेला नाही, जखम नाही, तरीही पाऊल सुजलेले आणि टेकवता न येणारे. वरून काहीच दिसत नसल्याने कारण कळण्याचा मार्ग नव्हता. सांधे व कंडरांच्या आवरणांना झालेली इजा असावी, असा तर्क होता.

कवायतीच्या मैदानावर 'दुखतंय, पण दिसत काही नाही' असे सांगणाऱ्या शिपायाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करावी.

९/
८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि एका बोटात सैलसर दिसणारी अंगठी. काही आठवड्यांतच जगभरचे वैद्य हे यंत्र वापरू लागले.

आणि १८९७ मध्ये श्टेखोव यांनी त्या सुजलेल्या लष्करी पायांची चित्रे घेतली. बोटांमागच्या लांब हाडांना बारीक भेगा होत्या. एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने हाड मोडत होते. बेचाळीस वर्षांनी शिपाई खरे बोलत होते हे सिद्ध झाले. आज आपण त्याला 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणतो.

१०/
या यशाचा क्ष-किरणांवरील श्रद्धेवर काय परिणाम झाला असेल ते सांगायला नको. जे चित्रात दिसते ते खरे. आणि जे दिसते तेच कारण. यातले पहिले वाक्य बरोबर होते.

११/
१९०० साली प्लेटनर या जर्मन वैद्याने टाचेच्या हाडाच्या तळाशी दिसणाऱ्या टोकदार वाढीचे वर्णन केले आणि तिला नाव दिले 'काल्कानेउस-श्पोर्न'. श्पोर्न म्हणजे घोडेस्वार घोड्याला टोचण्यासाठी बुटाच्या टाचेला लावतो ते लोखंडी टोक. इंग्रजीत त्याचेच 'हील स्पर' झाले.

'घोड्याला टाच मारणे' हा वाक्प्रचार आपल्या बखरींच्या वाचकांना परिचयाचा आहे. इथे ती टाच मारणारे टोक जणू स्वाराच्याच पायात उलटे उगवले होते. नाव इतके चपखल बसले की त्यावर शंका घेणेच अवघड झाले. टाच दुखते, टाचेत काटा दिसतो, तेव्हा काटा टोचतो म्हणून टाच दुखते. आणखी काय हवे?

१२/
आता या इतिहासातले माझ्या दृष्टीने सर्वांत दुःखद प्रकरण.

काटा का उगवतो, हा पुढचा प्रश्न होता. १९०६ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्सचे शल्यवैद्य विल्यम बेअर यांनी त्याचे नाते गोनोरियाशी, म्हणजे मराठीत ज्याला परमा म्हणतात त्या गुप्तरोगाशी जोडले. हे मत पुढे बराच काळ टिकले. याचा व्यवहारातला अर्थ पाहा. पायावर उभे राहून पोट भरणारा कुणी शिपाई, हमाल, वाढपी टाच दुखते म्हणून दवाखान्यात जातो आणि त्याच्या चारित्र्याची चौकशी सुरू होते. पेनिसिलिन अजून चार दशके दूर आहे आणि या रोगाचे नाव हाच एक सामाजिक निवाडा आहे.

१३/
बेअर यांना खलनायक ठरवण्याची घाई मात्र नको. पहिल्या महायुद्धात रणांगणावर दिवसेंदिवस पडून राहिलेल्या जखमींच्या, अळ्या पडलेल्या जखमा आश्चर्यकारक रीतीने स्वच्छ असल्याचे याच माणसाने पाहिले, लक्षात ठेवले आणि पुढे बाल्टिमोरमध्ये अळ्यांनी हाडांच्या चिवट जखमा बऱ्या करण्याची पद्धत विकसित केली. ती आजही वापरात आहे. डोळे उघडे ठेवणारा वैद्य होता.

शिवाय त्यांच्या निरीक्षणात एक कण सत्याचाही होता. मूत्रमार्गाच्या किंवा आतड्याच्या संसर्गानंतर काही जणांचे सांधे सुजतात, डोळे लाल होतात आणि टाचाही दुखतात. १९१६ मध्ये युद्धाच्या दोन्ही बाजूंच्या, फ्रेंच आणि जर्मन वैद्यांनी सैनिकांमधला हा आजार स्वतंत्रपणे नोंदवला. थोड्या रुग्णांचे खरे असलेले कारण सगळ्यांवर लादले गेले, ही चूक होती.

१४/
परम्याचा ठपका हळूहळू गळून पडला, काटा राहिला. तो कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया कित्येक दशके होत राहिल्या. काहींना बरे वाटले, काहींना नाही. दरम्यान इंग्रजीत या दुखण्याला 'पोलिसमन्स हील', पोलिसाची टाच, असेही म्हणत. दिवसभर गस्त घालणाऱ्याची टाच दुखते, हे सामान्य माणसांनी ओळखले होते. चित्राची गरज त्यांना पडली नव्हती.

१५/
चित्राविरुद्धचा पुरावा चित्रांतूनच आला. इतर कारणांसाठी पायाची चित्रे काढलेल्या, टाच कधीही न दुखलेल्या माणसांच्या पायांतही काटे दिसू लागले. उलट टाच कमालीची दुखणाऱ्या अनेकांच्या चित्रांत काटा नव्हताच. एकाच माणसाच्या दोन्ही टाचांत काटे असून दुखते मात्र एकच, हेही वारंवार आढळले.

आणि एक साधी गोष्ट, जी आईच्या चित्रातही समोर होती: काटा खाली जमिनीकडे रोखलेला नसतो. तो बोटांच्या दिशेने, जमिनीला समांतर जातो. चालणारा माणूस त्याच्या टोकावर उभा राहत नाही.

(काटा अगदीच निरर्थक आहे, असेही नव्हे. टाच दुखणाऱ्यांत तो अधिक प्रमाणात आढळतो आणि वयाबरोबर वाढतो. वर्षानुवर्षांच्या भाराची ती खूण म्हणता येईल. खूण आणि कारण यांत फरक आहे.)

१६/
१९६५ मध्ये पॉल लॅपिडस आणि फ्रँक ग्विडोटी यांनी ३२३ रुग्णांच्या ३६४ दुखऱ्या टाचांचा अहवाल प्रसिद्ध केला. शीर्षकात त्यांनी काट्याचे नाव घेतले नाही. नुसते लिहिले, 'दुखरी टाच'. कारण अजून ठाऊक नाही, म्हणून हे साधे नाव आम्ही जाणूनबुजून वापरत आहोत, असा खुलासाही केला. पासष्ट वर्षे ठाम नावांची रांग लागल्यावर दोन वैद्य नाव ठेवायलाच नकार देतात. वैद्यकाच्या इतिहासात मला आवडलेल्या शीर्षकांपैकी हे एक.

१७/
यानंतर धावणारे आले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टरने मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले आणि अमेरिकेत नोकरदार माणसे सकाळी रस्त्यावर धावू लागली. त्यांच्याबरोबर टाचेचे दुखणे पोलिसाच्या पायातून कारकून, वकील, प्राध्यापक यांच्या पायांत शिरले. हे रुग्ण वेगळे होते. 'विश्रांती घ्या' हे त्यांना उत्तर वाटतच नव्हते. 'किती धावू शकतो ते सांगा', एवढाच त्यांचा प्रश्न. वैद्यांना पहिल्यांदाच दुखणे आणि हालचाल एकत्र नांदवण्याचा गंभीर विचार करावा लागला.

माझी एक तक्रार इथे नोंदवते. गस्तीचा पोलीस, शिक्षिका, परिचारिका, बसवाहक यांनाही थांबणे परवडत नव्हतेच. पण त्यांच्या वतीने हा प्रश्न इतक्या जोरात कुणी विचारला नाही.

१८/
बुटांच्या वादाबद्दल दोनच वाक्ये, नाहीतर प्रतिक्रियांत युद्ध होईल. १९६० साली रोममध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली आणि १९६४ साली टोकियोत बूट घालून पुन्हा जिंकली. दोन्ही पक्षांनी आपापले वर्ष निवडावे.

१९/
२००३ हे या कथेतले महत्त्वाचे वर्ष. तोवर या आजाराला 'प्लांटर फॅसिआयटिस' हे नाव रूढ झाले होते. शेवटी 'आयटिस' आले म्हणजे दाह आला, आणि दाह म्हणजे गोळ्या, इंजेक्शने, विश्रांती. हार्वे लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले पन्नास रुग्णांचे पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दाहाच्या खुणा नव्हत्या. होती ती झीज. तंतू विस्कटलेले, दुरुस्ती अर्धवट राहिलेली.

त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने धोक्याची कारणे मोजली. घोटा वरच्या बाजूला कमी वाकणे, अधिक वजन आणि कामाचे बहुतेक तास उभ्याने काढणे. आईच्या नोकरीचे वर्णन तिसऱ्या कारणात सापडले.

२०/
पट्टा झिजलेला असेल, तर त्याला नुसते निजवून ठेवून तो बळकट कसा होणार? याच २००३ मध्ये डीजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी एक साधा व्यायाम तपासला: सकाळी पाऊल टेकवण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, बोटे हाताने नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा याचा गुण अधिक आला.

२०१४ मध्ये डेन्मार्कच्या रॅथलेफ यांनी पुढचे पाऊल टाकले. पायरीच्या कडेवर दुखऱ्या पायाने उभे राहायचे, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, आणि सावकाश टाच वर उचलायची, सावकाश खाली आणायची. एक दिवसाआड. जमू लागले की पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन भार वाढवायचा. बोटांखालचा तो टॉवेल म्हणजे हिक्स यांचा रहाटच: बोटे वर, दोर ताठ. ४८ रुग्णांच्या या अभ्यासात तीन महिन्यांनी भार घेणारे नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा स्पष्ट पुढे होते. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच होते. अभ्यास लहान आहे, हेही सांगायला हवे.

२१/
म्हणजे शंभर वर्षांत सल्ला जवळजवळ उलटला. भार टाळा, असे सांगितले जात होते. आता सांगतात की भार मोजून द्या. फार दुखेल इतके चालणे, टणक फरशीवर अनवाणी तासन्‌तास उभे राहणे आवरा, पण पाय वापरणे सोडू नका. बहुतेकांचे दुखणे काही महिन्यांत ते वर्षभरात ओसरते. ते संथ गतीने ओसरते, आणि माणूस त्या संथपणालाच घाबरतो.

२२/
मी वैद्य नाही, त्यामुळे हे ठळकपणे: पाऊल बधिर होत असेल, रात्री पडल्या पडल्या टाच ठणकत असेल, ताप वा सूज असेल, मधुमेह असेल, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल, तर थ्रेड वाचत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. ब्राइटहाउप्टच्या शिपायांसारखी हाडाला भेग पडलेली असेल तर चालत राहणे घातक ठरते.

२३/
आईला मी हे सगळे एकदम सांगितले नाही. आधी फक्त खाकी पाकीट काढून आणले आणि विचारले, "हा काटा कुठल्या दिशेला आहे गं?" तिने चष्मा लावून बराच वेळ चित्र खिडकीकडे धरले. मग म्हणाली, "पुढे."

"आणि तू उभी कुठे राहतेस?"

ती काही बोलली नाही. पण त्या आठवड्यात आम्ही दोघी एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो.

२४/
सकाळी पलंगावर बसून बोटे ओढायची. जिन्याच्या पायरीवर टॉवेल. दुसऱ्या महिन्यापासून पाठीवर शाळेची पिशवी, आत तपासायच्या उत्तरपत्रिका. वर्गात आता एक स्टूल आहे. ते मागताना तिला फार संकोच वाटला होता. तीन आठवड्यांनी काहीच फरक नाही म्हणून तिने सारे सोडून दिले होते, मग पुन्हा धरले. टेकडी आधी दहा मिनिटे, मग पंधरा.

गेल्या आषाढात ती हडपसरपासून निघाली आणि दिवेघाटाच्या मध्यापर्यंत चढली. तिथून पुढे दिंडीच्या टेम्पोत बसली. दुसऱ्या दिवशी टाच दुखली, तिसऱ्या दिवशी कमी दुखली. शेजारच्या काकूंनी विचारले, "काटा गेला का? पुन्हा चित्र काढून बघ ना."

आई म्हणाली, "कशाला?"

२५/
पुढचा थ्रेड पादत्राणांवर: डावा-उजवा भेद नसलेले बूट युरोपातली माणसे इतकी वर्षे का घालत होती, आणि १७८१ मध्ये पेट्रस काम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाला बुटांच्या योग्य आकारावर स्वतंत्र प्रबंध का लिहावासा वाटला. या थ्रेडमध्ये चूक आढळल्यास जरूर दाखवावी, दुरुस्ती इथेच खाली जोडेन.